११ केव्हीच्या लाईनखालचा वणवा : ड्रोन आणि संगणकाने धोक्याची जागा आधी कळेल का?

कातळफूल
१६ नोव्हेंबर, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी,

राजापूर तालुक्यात आमची अडीच एकर काजूची बाग आहे, सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, उताराला. बागेच्या वरच्या अंगाने ११ केव्हीची लाईन गावात उतरते. गेल्या मार्चमध्ये दुपारी दोनच्या सुमाराला वाऱ्याने दोन तारा एकमेकींवर आपटल्या. मी बागेतच बी वेचत होते. फटाका वाजावा तसा आवाज आला म्हणून वर पाहिलं तर तारा नुसत्या हलत होत्या. खाली नजर गेली तोवर परड्याएवढ्या जागेतलं गवत पेटलं होतं. आम्ही सात जण ओले टाळ घेऊन झोडपत होतो, पण पातेरा, म्हणजे खाली पडलेला वाळका पाला, पेटला की आग पायाखालून पुढे जाते. ४३ झाडं गेली. सगळी वेंगुर्ला-४, बारा वर्षं हातांनी वाढवलेली.

काजूचं झाड वणव्यात एकदम जळून जात नाही. बुंध्याची साल भाजते, शेंडा काही दिवस हिरवा राहतो आणि मग हळूहळू वरून सुकत येतं. पंचनाम्याच्या दिवशी शेंडे हिरवे होते म्हणून १९ झाडं धरलीच गेली नाहीत. असो.

आता मुद्दा. माझा भाचा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याचं म्हणणं असं की ड्रोनने सगळ्या लाईनचे फोटो काढायचे आणि मशीन लर्निंग (संगणकाला उदाहरणांवरून शिकवणं) वापरून प्रत्येक गाळ्याला, म्हणजे दोन खांबांमधल्या प्रत्येक तुकड्याला, धोक्याचा क्रमांक द्यायचा. सड्यापासून गावापर्यंत साधारण चार किलोमीटर आणि ६२ खांब आहेत. हे खरंच होण्यासारखं आहे का? कोणी केलंय का? गवत वाळायच्या आत काहीतरी करायचंय, म्हणून विचारते.

---

पाणंद
१६ नोव्हेंबर, रात्री ९:४१

वाचतेय. ताई, झाडांचं वाचून फार वाईट वाटलं.

---

उडता_कॅमेरा
१६ नोव्हेंबर, रात्री १०:१५

रत्नागिरीत मी ड्रोनने बागांची आणि जमिनींची मोजणी करतो. उडवण्यापुरतं सांगतो.

आधी सरकारी नकाशावर तुमचा सडा हिरव्या भागात येतो का ते बघा. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे हिरव्या भागात १२० मीटर उंचीपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. दोन किलोपर्यंतचा ड्रोन स्वतःच्या कामासाठी उडवायला वैमानिकाचं प्रमाणपत्रही लागत नाही, पण पैसे घेऊन काम करायचं असेल तर लागतं. भाच्याला हा फरक नीट समजावून सांगा.

दुसरं, तारांच्या बरोबर वरून उडू नका. बाजूने, दहा-पंधरा मीटर अंतर ठेवून, खांबाच्या माथ्याच्या उंचीवर उडवा. ड्रोन तारेवर पडला तर वणवा तुमच्याच हातून लागेल. सकाळी साडेसात ते दहा ही वेळ चांगली, कारण त्यानंतर सड्यावर खारा वारा सुटतो.

तिसरी अडचण बहुतेकांच्या लक्षात येत नाही. फोटो जोडून त्रिमितीय नकाशा करणारी सॉफ्टवेअर असतात. त्यांत झाडं, घरं, गडगे सगळं छान उभं राहतं, पण तार येत नाही. ती इतकी बारीक असते की फोटोंच्या जुळणीत हरवते. लेझरने मोजणारा लायडार असेल तर तार दिसते, पण त्याची किंमत आपल्या आवाक्यातली नाही. त्यावर उपाय असा : खांबांचे माथे नकाशावर पक्के करायचे, गाळ्याच्या मध्ये तारेचा झोळ किती आहे ते बाजूच्या फोटोवरून मोजायचं आणि तार गणिताने काढायची. मग त्या रेषेपासून कुठली फांदी किती जवळ आहे ते कळतं.

आणि सड्यावर घारींपासून सांभाळा. घरट्याच्या दिवसांत त्या ड्रोनवर झडप घालतात. माझा एक पंखा त्यात गेलाय.

---

खलाटी
१६ नोव्हेंबर, रात्री ११:०२

ताई, तुमच्या नुकसानीबद्दल वाईट वाटतं, पण मला या सगळ्याची दिशा चुकलेली वाटते. कोकणातले बहुतेक वणवे तारांमुळे लागत नाहीत, माणसं लावतात. कोणी राबाची भाजावळ, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायचं काम, करताना लक्ष देत नाही, कोणी गवत चांगलं फुटेल म्हणून सडा पेटवतो, कोणी शिकारीसाठी रान उठवतो, कोणी बांध जाळतो आणि जेवायला घरी जातो. आमच्या संगमेश्वरकडे दर वर्षी हेच पाहतो. मग प्रत्येक जण बोट दाखवतो तारेकडे, कारण तारेला तोंड नाही.

ड्रोन उडवायचाच तर गावकीत बसून आधी भाजावळीचे दिवस ठरवा. त्याने जास्त झाडं वाचतील.

---

रापण
१७ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

ताय, आमच्या मालवणाकडे तीच गजाल. वेल तारेक लागली काय रात्री चरचर आवाज येता. ड्रोन उडवा, नको म्हणनय नाय, पण ती वेल काढूक माणूस आदी व्हयो. आमच्या वाडीत खांबार चडलेली वेल दोन पावसाळे झाले तशीच आसा.

---

जुना_वायरमन
१७ नोव्हेंबर, दुपारी १:३०

गुहागर-चिपळूण पट्ट्यात तीस वर्षं खांबावर चढलो, आता निवृत्त आहे. खलाटी म्हणतात ते बरोबर आहे, माणसं आग लावतात. पण तारेची आग वेगळी असते, ती का ते सांगतो.

माणूस आग लावतो ती बहुतेक वाटेच्या कडेला किंवा शेताच्या बांधाला, जिथे कोणी ना कोणी असतं. तारेची आग लागते सड्याच्या मधोमध, जिथे माणूस नाही, आणि लागते जोराचा वारा असताना, कारण वाऱ्यानेच तारा आपटतात. म्हणजे ठिणगी आणि तिला पसरवणारा वारा एकाच क्षणी येतात. तार ॲल्युमिनियमची. आपटल्या जागी ती वितळते आणि तिचे थेंब पेटते खाली पडतात.

सड्याची आणखी एक गोष्ट आहे. तार तुटून ओल्या शेतात पडली तर करंट जमिनीत चांगला जातो, सबस्टेशनला कळतं आणि लाईन ट्रिप होते. मार्चमधल्या कोरड्या जांभ्यावर पडली तर जमीन करंट नीट घेतच नाही. करंट इतका थोडा की ब्रेकरला वाटतं सगळं ठीक आहे. तार पडल्या जागी जिवंत राहते आणि ठिणग्या टाकत बसते. अशी पडलेली तार सापासारखी वळवळताना मी पाहिलीय. मंडळी, अशा तारेच्या जवळ कोणीही जाऊ नका, आग विझवायलासुद्धा नाही. आधी लाईन बंद झाल्याची खात्री करा.

आता कुठे बघायचं ते. तुमचा भाचा फोटो काढणार असेल तर त्याला हे सांगा :

पिन इन्सुलेटरवर, म्हणजे खांबावरच्या चिनीमातीच्या आधारावर, तार बांधलेली असते, ते बाइंडिंग सुटलंय का. तार तिरकी बसलेली दिसते.

जंपर, म्हणजे कोपऱ्याच्या खांबावर एका तारेपासून दुसरीला जोडणारा तुकडा. सैल जंपर गरम होतो, काळा पडतो.

ताणाच्या तारेवरून चढणारी वेल. ही पावसात चढते, हिरवी असताना चरचरते आणि वाळली की पेटते.

समुद्राजवळच्या गावात इन्सुलेटरवर मिठाचा थर बसतो. पहाटे दव पडलं की तो ओला होतो आणि पृष्ठभागावरून करंट सरपटतो. पहाटे पाच वाजता लाईनखाली उभं राहून ऐकायचं, ड्रोनला ते ऐकू येणार नाही. त्याच खाऱ्या हवेने तारेच्या आतली पोलादी गाभ्याची तार गंजते. वरून ॲल्युमिनियम चकचकीत आणि आत भुसा, तार मग फुगल्यासारखी दिसते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, डीपीखालचं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या खांबांखालचं, गवत. डीओचा (तिथल्या ड्रॉप-आउट नळीचा) फ्यूज उडतो तेव्हा नळीतून तापलेला कण खाली पडतो. तो पडणारच, त्याची रचनाच तशी आहे. खाली गवत नसेल तर काही होत नाही, आणि हे गवत काढायला ड्रोन लागत नाही.

---

पाणंद
१७ नोव्हेंबर, दुपारी २:०५

काका, हा प्रतिसाद छापून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा असा आहे. विशेषतः पडलेल्या तारेजवळ जाऊ नये हे. आमच्याकडे पोरं धावत जातात.

---

शून्य_ते_एक
१७ नोव्हेंबर, रात्री १०:४८

मी पुण्यात याच प्रकारचं काम करतो, फोटोंमधून दोष ओळखणारी मॉडेल बनवायचं. गाव दापोली, त्यामुळे विषय जवळचा आहे. जरा लांब लिहितो.

हे का करावं ते आधी. नोव्हेंबर २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज हे डोंगरावरचं गाव जवळजवळ पूर्ण जळालं, ८५ माणसं गेली. कारण काय, तर जवळपास शंभर वर्षं जुन्या लाईनवरचा इन्सुलेटर धरणारा एक लोखंडी आकडा झिजून तुटला. त्या कंपनीने पुढे २०२० मध्ये न्यायालयात ८४ मृत्यूंबद्दल सदोष मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात ७ फेब्रुवारी २००९ ला एकाच दिवशी लागलेल्या आगींत १७३ माणसं गेली. त्यातली सर्वांत मोठी आग, जिच्यात ११९ जण गेले, तुटलेल्या तारेपासून सुरू झाली. तार पडली की काही क्षणांत करंट अगदी कमी करणारी उपकरणं त्यांनी त्यानंतर सबस्टेशनांत बसवायला घेतली. काकांनी जांभ्यावरच्या तारेबद्दल लिहिलं, त्याच दुखण्यावरचा तो इलाज आहे. आणि कॅलिफोर्नियात ठिणगी पाडू शकणारी उपकरणं असलेल्या खांबाभोवती १० फूट जागा साफ ठेवायचा कायदा आहे. म्हणजे तोही काकांच्या डीपीखालच्या गवताचाच मुद्दा.

आता मॉडेलबद्दल. भाचा कदाचित योलोसारखं, फोटोतली वस्तू ओळखणारं, तयार मॉडेल घेईल आणि इंटरनेटवरच्या इन्सुलेटरच्या फोटोंवर शिकवेल. ते फोटो बहुतेक मोठ्या टॉवरलाईनचे असतात, काचेच्या तबकड्यांच्या माळांचे. आपल्या गावच्या खांबावर चिनीमातीचा पिन इन्सुलेटर असतो आणि त्यावर लाल धूळ. मॉडेलला तो ओळखताच येणार नाही. काजूची फांदीही तशीच. ती आडवी पसरते, सुरूसारखी सरळ वर जात नाही, त्यामुळे फांदी तारेला कधी लागेल याचा परदेशी अंदाज इथे चालत नाही. आपल्याच लाईनचे फोटो काढून, त्यावर काकांसारख्या माणसाने बोट ठेवून 'हे खराब, हे बरं' सांगितलं पाहिजे. ती शिकवणी म्हणजे निम्मं काम.

दोन चुका हमखास होतात.

एक, बरोबर ओळखण्याच्या टक्केवारीवर भुलणं. समजा १०० गाळ्यांत ३ धोक्याचे आहेत. डोळे मिटून सगळ्यांना 'ठीक' म्हणणारं मॉडेलही ९७ टक्के बरोबर येतं, आणि त्याचा उपयोग शून्य. विचारायचं ते हे, की त्या तीनपैकी किती पकडले आणि पकडण्यासाठी किती चांगल्या गाळ्यांवर उगाच माणूस धाडला.

दोन, एका खांबाचे बारा फोटो काढले आणि त्यातले नऊ शिकवायला, तीन परीक्षेला ठेवले. मग मॉडेल तो खांबच पाठ करतं. परीक्षेसाठी खांब वेगळे हवेत, शक्य असेल तर गावच वेगळं.

आणि ६२ खांबांसाठी खरं तर मॉडेल लागतच नाही, कातळफूलताई. एक माणूस दोन संध्याकाळी सगळे फोटो डोळ्यांनी बघू शकतो. मॉडेल लागतं तालुक्यातल्या हजारो खांबांसाठी. भाच्याचा प्रकल्प म्हणून करा, पण पहिल्या वर्षी डोळ्यांवर भिस्त ठेवा.

---

आंबेमोहोर
१८ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

देवगडहून. एवढं सगळं करण्यापेक्षा तारा जमिनीखालून का नेत नाहीत? २०२० च्या निसर्गमध्ये आणि २०२१ च्या तौक्तेमध्ये खांब आडवे झाले, किती दिवस अंधारात काढले ते सगळ्यांना आठवत असेल. केबल पुरली असती तर वादळ गेलं आणि वणवाही गेला.

---

जुना_वायरमन
१८ नोव्हेंबर, दुपारी १२:१०

@आंबेमोहोर, मोठ्या गावात, बाजारपेठेत जरूर व्हावं. पण सड्यावर फूटभर खाली अखंड जांभा असतो, चर खणायला चिरेखाणीचं यंत्र आणावं लागेल. चार किलोमीटर चर, तीही पाच-पन्नास घरांसाठी. होईल तेव्हा होईल. त्याआधी धोक्याच्या गाळ्यांत वेष्टण असलेली तार टाकता येते, किंवा तारांच्या मध्ये स्पेसर घालून त्या आपटणार नाहीत असं करता येतं. स्पेसर म्हणजे साधी आडवी पट्टी. ताईंच्या त्या गाळ्यात स्पेसर असता तर ४३ झाडं उभी असती, असं मला मनापासून वाटतं.

---

मतलई
१८ नोव्हेंबर, रात्री ९:००

वेंगुर्ल्यात शाळेत भूगोल शिकवते. सगळे जागेबद्दल बोलताहेत, मी दिवसाबद्दल बोलते.

आपल्याकडे हवा दमट, त्यामुळे गवत वाळलं तरी रोज सकाळी थोडं ओलावतं. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये काही दिवस असे येतात की घाटावरून येणारा कोरडा पूर्वेचा वारा दुपारपर्यंत हटत नाही आणि खारा वारा उशिरा येतो. त्या दिवशी रत्नागिरीचा पारा ३७-३८ च्या वर जातो. किनारपट्टीला ३७ अंश हीच हवामान खात्याची उष्णतेच्या लाटेची किमान मर्यादा आहे. वाळलेलं गवत इतकं बारीक असतं की तास-दोन तासांत आसपासच्या हवेसारखं कोरडं होतं. आणि मग उशिराने खारा वारा सुटतो तो जोरात, उताराने वर. ताई, तुमची आग दुपारी दोनला लागली असं लिहिलंत. तो दिवस असाच होता का, आठवतंय?

म्हणजे गाळ्याचा क्रमांक एकदाच काढून चालणार नाही. गाळा तोच, पण जानेवारीतल्या धुक्याच्या सकाळी त्याचा धोका वेगळा आणि अशा दिवशी वेगळा. तारही उन्हात आणि भारात तापून लांबते, झोळ वाढतो. सकाळी साडेसातला मोजलेलं अंतर दुपारी दोनला तेवढं राहत नाही. @उडता_कॅमेरा, यावर तुमचं काय मत?

उपग्रहाचं म्हणाल तर डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडून वणव्याच्या सूचना येतात, त्याची नोंदणी कोणीही करू शकतं. पण ते वापरतात त्यातल्या चांगल्या उपग्रहाचा एक ठिपका ३७५ मीटरचा, आणि तो दिवसातून मोजक्या वेळा वरून जातो. आग लागल्यावर कळतं, बागेच्या आकाराच्या आगीचं कळेलच असंही नाही.

---

उडता_कॅमेरा
१८ नोव्हेंबर, रात्री ९:३५

@मतलई, अगदी बरोबर मुद्दा. फोटो सकाळी काढायचे पण झोळ दुपारी, जमिनीवरून मोजायचा. उष्णता दाखवणारा कॅमेरा लावायचा असेल तर त्याची वेळ संध्याकाळी सातनंतर. ऊन नसतं आणि घराघरांत दिवे-पंखे चालू असल्याने तारेत भार असतो. भारच नसेल तर सैल जोडही थंड दिसतो. आणि चकचकीत ॲल्युमिनियम त्या कॅमेऱ्याला असतं त्यापेक्षा थंड वाटतं, म्हणून आकड्यापेक्षा शेजारच्या दोन तारांशी तुलना करायची.

---

कातळफूल
१९ नोव्हेंबर, रात्री ८:५०

सगळ्यांचे खरंच आभार. @मतलई, हो! त्या दिवशी सकाळपासून पूर्वेचा वारा होता, अंगाची कातडी ओढल्यासारखी होत होती. जेवून बागेत गेले तेव्हा वारा फिरला. मी हे कधी जोडून पाहिलं नव्हतं.

@खलाटी, तुमचं म्हणणं मनाला लागलं. गावकीची बैठक पुढच्या रविवारी आहे, भाजावळीचा विषय मी मांडते. पण माझी झाडं तारेने गेली, तो आवाज माझ्या कानात आहे. दोन्ही कामं करायची.

एक अडचण वेगळीच आहे. चार गाळे देवराईच्या कडेने जातात. तिथले किंजळ आणि आंबा तारेला आलेत. देवराईत फांदीला कोयती लावायची तर देवाला कौल लावावा लागतो. गेल्या वर्षी लाईनवाले न विचारता तोडायला आले, लोकांनी अडवलं, ते परत गेले आणि फांद्या तशाच राहिल्या.

---

रापण
१९ नोव्हेंबर, रात्री ९:१५

कौल लावा. देव नाय म्हणाचो नाय, रायेक आग लागली तर राय पण जातली.

---

पाणंद
१९ नोव्हेंबर, रात्री ९:३०

रापणदादांशी सहमत. आमच्याकडे एकदा असंच झालं. गुरवांनी सांगितलं, फक्त तारेला लागणाऱ्या फांद्या, मूळ झाडाला धक्का नाही. लोकांनी मान्य केलं. विचारल्यावर माणसं ऐकतात. आणि एक विनंती : ड्रोन वाड्यांवरून जाणार असेल तर आदल्या दिवशी घरोघर सांगा. विहिरीवर, परसात बायका असतात. वरून कॅमेरा घिरट्या घालतोय हे कुणालाच बरं वाटत नाही.

---

शून्य_ते_एक
१९ नोव्हेंबर, रात्री १०:२०

+१. आणि वाड्यांवरचे फोटो प्रकल्पात वापरू नका, लाईनपासून ठरावीक अंतराबाहेरचा भाग कापूनच साठवा.

ताई, यादी बनवताना तीन गोष्टी एकत्र लिहा : वर ठिणगी पडण्याचं कारण काय, खाली काय आहे (गवत, पातेरा, उघडा कातळ, चालू शेत), आणि वारा आग कुणाच्या दिशेने नेईल. उघड्या कातळावरचा मोडका इन्सुलेटर एक वेळ थांबू शकतो. कमरेएवढ्या गवतावरचं साधं सुटलेलं बाइंडिंग थांबू शकत नाही. देवराईचे गाळे बहुधा वर येतील.

---

कातळफूल
८ डिसेंबर, रात्री ९:४५

उशिरा लिहितेय, पण काम झालं म्हणून लिहितेय.

भाच्याने तीन सकाळी उडवलं. आदल्या दिवशी वाड्यांत सांगून आलो, दोन आज्या तर बघायला सड्यापर्यंत चढून आल्या. साडेसातशेच्या आसपास फोटो झाले. मग @जुना_वायरमन काकांना व्यक्तिगत निरोप केला आणि त्यांनी सलग दोन रात्री व्हिडिओ कॉलवर एकेक फोटो बघून सांगितलं. काका, तुमचे उपकार कसे फेडायचे कळत नाही.

मॉडेलचं खरं ते सांगते. इन्सुलेटर कुठे आहे ते त्याने बरं ओळखलं. तडा ओळखताना मात्र तारेची सावली चिनीमातीवर पडली की तिलाच तडा समजलं. खांब ३१ चा जंपर काळा पडला होता, तो त्याने चांगला म्हणून सोडून दिला. काकांनी फोटो उघडल्या उघडल्या 'हा बघ' म्हटलं. भाच्याने तो फोटो मोठा करून भिंतीवर लावलाय. म्हणतो, पुढच्या वर्षी हे त्याला शिकवणार.

यादी ११ गाळ्यांची झाली. पहिल्या क्रमांकावर आमच्या बागेवरचा गाळा नाही आला, मला वाटत होतं तोच असेल. पहिला आला देवराईच्या वरचा. तिथे फांदी तारेपासून हातभर अंतरावर आहे, खाली पातेरा आणि वाळतं गवत, आणि दुपारचा वारा सरळ रायेतून प्राथमिक शाळेकडे जातो. चार वर्षं मी त्या वाटेने जाते, कधी मान वर करून पाहिलं नाही.

खांब क्रमांक, फोटो आणि काय करायचं हे प्रत्येक गाळ्यासाठी एका ओळीत लिहून वीज कार्यालयात लेखी दिलं, पोच घेतली. साहेबांनी फोटो नीट पाहिले. म्हणाले, 'लोक लाईनला धोका आहे म्हणून अर्ज देतात. कुठल्या खांबाला ते पहिल्यांदाच कळलं.' जंपर चौथ्या दिवशी बदलून गेले. आमच्या गाळ्यात आणि अजून दोन ठिकाणी स्पेसर मंजूर झालेत, अजून आलेले नाहीत. डीपीखालचं गवत आम्हीच काढलं, लाईनला हात न लावता, १० फुटांपर्यंत.

---

खलाटी
८ डिसेंबर, रात्री १०:३०

ताई, मनापासून अभिनंदन. मी आधी जे लिहिलं त्यातलं एक मागे घेतो. तारेचं नाव पुढे करून माणसं सुटतात असं मला वाटत होतं. पण अशी यादी असेल तर उलट होईल. आग लागली आणि त्या जागेवर तारेचा दोष नव्हता हे आधीच्या फोटोवरून दिसलं, तर खरं कारण शोधावंच लागेल. आणि तारेचाच दोष असेल तर शेतकऱ्याच्या हातात पुरावा राहील. बैठकीत भाजावळीचं काय झालं?

---

कातळफूल
८ डिसेंबर, रात्री १०:५२

ठरलं. भाजावळ सकाळी नऊच्या आत, चार माणसं आणि पाण्याची कळशी असल्याशिवाय काडी लावायची नाही, आणि पूर्वेचा वारा असेल त्या दिवशी अजिबात नाही. वाऱ्याचं @मतलई यांचं वाक्य मी तसंच वाचून दाखवलं. म्हातारी माणसं माना डोलावत होती, त्यांना ते माहीतच होतं.

---

आंबेमोहोर
९ डिसेंबर, सकाळी ७:५५

ती यादी कशी लिहिलीत त्याचा नमुना इथे टाकाल का? आमच्याकडे तीन बागायतदार मिळून ड्रोन भाड्याने घ्यायला तयार आहेत. पूर्वी मी केबलचं बोललो ते आहेच, पण मोहोर आला की आमच्याकडे वेळ राहणार नाही.

---

कातळफूल
९ डिसेंबर, दुपारी १:१५

टाकते, आज रात्री भाचा शाळेचं आणि घरांचं नाव काढून देतोय.

आणि हो, काल कौल लागला. उजवा मिळाला, म्हणजे होकार. फक्त तारेला येणाऱ्या फांद्या, तेही गुरवांसमोर. सोमवारी सकाळी नऊ ते बारा परमिट घेऊन लाईन बंद ठेवणार आहेत. फांद्या तेच तोडतील, खाली पडलेलं सगळं रायेबाहेर वाहून न्यायला आम्ही वाडीतले वीस जण आहोत.

---

जुना_वायरमन
९ डिसेंबर, दुपारी १:४०

सोमवारी मी येतो. चिपळूणहून पहिल्या एसटीने निघालो तर नऊपर्यंत पोचेन ना? तोडण्याआधी लाईनला दोन्ही बाजूंनी अर्थिंग केलंय का ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय.

---

कातळफूल
९ डिसेंबर, दुपारी १:४४

काका, रविवारी संध्याकाळीच या. जेवायला आणि मुक्कामाला आमच्याकडेच.